गोष्ट ठाऊक असली म्हणून नाटक फिकं पडत नाही

खानदेशातल्या यात्रांमधल्या तमाशाबद्दल शिकलीसवरलेली माणसंही ठासून सांगतात, की वगाची, म्हणजे तमाशातल्या नाटकाची, कथा लोकांना आधीच पाठ असते, मग त्यात नाट्य कसलं? पात्राला जे कळत नाही ते प्रेक्षकाला कळणं, हा नाट्यगत उपरोध म्हणे ग्रीकांचा, आपल्या गावच्या माणसाला तो उमगायचा नाही. हे साफ चूक आहे.

ग्रीकांचंच बघा. सोफोक्लीसच्या नाटकात राजा ईडिपस आधीचा राजा लायस याच्या खुन्याला शाप देतो, तेव्हा तो खुनी स्वतः ईडिपसच आहे, हे अथेन्सच्या प्रेक्षकांना पुराणकथेतून ठाऊक होतं. अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

आता आपला कीचक घ्या. अंधाऱ्या नृत्यशाळेत सैरंध्री वाट पाहतेय असं समजून तो लाडात बोलत आत शिरतो. तिथे भीम आहे, हे सारंगखेड्याच्या यात्रेला आलेल्या आजीलाही लहानपणापासून माहीत असतं. कीचकाचा एकेक गोड शब्द तिला मरणाकडे टाकलेलं पाऊल वाटतो. खाडिलकरांच्या १९०७ च्या ‘कीचकवध’ नाटकात तर आणखी एक थर होता. प्रेक्षक कीचकात हिंदुस्थानचा माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन पाहत. इंग्रज सरकारलाही ते कळलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.