पाकीट मिळालं का, हे विचारायचं कसं?

१ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांच्या एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या. ४ जूनला मतमोजणी झाली आणि आकडा २९३ वर थांबला. तेव्हापासून सर्व्हेचा विषय काढला की ठाण्यात काय आणि वाशीत काय, समोरचा माणूस हात झटकतो. ‘आम्हाला कधी कुणी विचारलं?’ हा त्याचा पहिला आक्षेप. दुसरा, ‘ठाणे लोकसभेत पंचवीस लाखांच्या आसपास मतदार. हजार जणांना विचारून काय कळणार?’

दोन्ही आक्षेप लवकर निकालात निघतात. पंचवीस लाखांतून हजार जण निवडायचे तर आपला नंबर लागण्याची शक्यता अडीच हजारांत एक. त्यामुळे कुणी विचारलं नाही यात नवल नाही. आणि अंदाजातली चूक किती, हे विचारलेल्या माणसांच्या संख्येवर ठरतं, एकूण मतदारांच्या संख्येवर जवळजवळ नाहीच. मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे हजार जण निवडले, तर चूक साधारण तीन टक्के इकडे-तिकडे. मग तो ठाणे मतदारसंघ असो की अख्खा महाराष्ट्र. उलट १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने जवळपास एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि तरी त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. डायजेस्टची नावं मुख्यतः टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारगाड्यांच्या नोंदींतून आली होती. मंदीच्या काळात फोन आणि गाडी कुणाकडे असणार? आजही एखादी कंपनी ‘आमचे नमुने लाखांत, विश्लेषण एआयचं’ अशी जाहिरात करते, तेव्हा ती लाखभर माणसं निवडली कशी, हे आधी विचारावं.

पण मला खरं लिहायचंय ते प्रश्नाबद्दल. माणसं उत्तम निवडली आणि प्रश्न कच्चा असला, तर सगळी मेहनत पाण्यात जाते. आणि प्रश्न तयार करणं हेही एक शास्त्र आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

कोण जिंकणार हे सांगणारा पोल वेगळा आणि लोक असं मत का देतात हे शोधणारा निवडणूक अभ्यास वेगळा. अमेरिकेत असा राष्ट्रीय अभ्यास मिशिगन विद्यापीठात १९४८ साली सुरू झाला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठही त्यात सामील झालं. आपल्याकडे राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६३ साली दिल्लीत सीएसडीएस ही समाजाचा आणि राजकारणाचा अभ्यास करणारी संस्था काढली आणि १९६७ च्या निवडणुकीचा अभ्यास केला. १९९६ पासून हे काम नियमित झालं आणि पुढे ‘लोकनीती’ या नावाने राज्योराज्यीच्या अभ्यासकांचं जाळं उभं राहिलं. पुण्याचे सुहास पळशीकर आणि राजेश्वरी देशपांडे ही त्यातली महाराष्ट्राला परिचित नावं.

अशा अभ्यासाची प्रश्नावली एखाद्या संचालकाने खोलीत बसून लिहायची नसते. अमेरिकेतला अभ्यास बाहेरच्या अभ्यासकांकडून नव्या प्रश्नांचे प्रस्ताव मागवतो. प्रस्ताव देणाऱ्याने सांगायचं, की हा प्रश्न का हवा, त्यातून कोणता सिद्धांत तपासला जाईल आणि आधी कुठे तो वापरून पाहिलाय का. मग इतरांनी त्यातली भोकं दाखवायची. मुलाखतीची मिनिटं मोजकी असतात आणि जुने प्रश्न सहसा काढता येत नाहीत. तुम्ही स्वतःला कोणत्या पक्षाचे समजता, हा प्रश्न तिथे १९५२ पासून विचारला जातोय. नेत्याबद्दलची आपुलकी शून्य ते शंभर अंशांत मोजणारा ‘थर्मामीटर’ १९६० च्या दशकापासून आहे. तोच प्रश्न दर वेळी विचारला नाही, तर काळानुसार काय बदललं हे कळणारच नाही. म्हणून नव्या प्रश्नाला आत जागा मिळवण्यासाठी झगडावं लागतं, आणि तसंच असायला हवं असं माझं ठाम मत आहे.

हा झगडा कशासाठी, हे दोन जुन्या प्रयोगांतून दिसतं. १९४८ साली अमेरिकी लोकांना विचारलं गेलं, की कम्युनिस्ट देशांच्या पत्रकारांना अमेरिकेत येऊन आपल्या नजरेने बातम्या पाठवू द्याव्यात का? हा प्रश्न आधी आला तेव्हा ३६ टक्के ‘हो’ म्हणाले. ‘कम्युनिस्ट देशांनी अमेरिकी पत्रकारांना येऊ द्यावं का’ असं आधी विचारून मग तोच प्रश्न ठेवला, तर ७३ टक्के. प्रश्न तोच, फक्त क्रम बदलला. दुसरा प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना ‘१९७५ चा सार्वजनिक व्यवहार कायदा’ रद्द करावा का, असं विचारलं होतं. असा कायदा अस्तित्वातच नव्हता. तरी सुमारे एक तृतीयांश लोकांनी त्यावर मत दिलं. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसासमोर ‘मला माहीत नाही’ म्हणणं आपल्या जिवावर येतं.

यातूनच माझ्या आवडीच्या अडचणीकडे येतो. माणूस खरं सांगायला कचरतो, तिथे काय करायचं? २० मे २०२४ ला ठाणे मतदारसंघात जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान केलं. पण घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत विचारून पाहा, मत न दिलेला माणूस मुश्किलीने सापडेल. अमेरिकेतल्या अभ्यासातही मतदान केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण प्रत्यक्ष मतदानापेक्षा कायम जास्त निघत आलंय. मत कुणाला दिलं, यासाठी लोकनीतीची माणसं घरी जाताना नकली मतपत्रिका आणि पेटी नेतात. मतदार खूण करून घडी घालतो आणि पेटीत टाकतो. प्रश्न विचारणाऱ्याला ती दिसत नाही.

पण ‘लक्ष्मीदर्शन’ झालं का, हे कसं विचारणार? मतासाठी पाकीट घेणं हा गुन्हा, देणं हाही गुन्हा आणि शेजारीण दारात उभी. थेट विचारलं तर उत्तर ‘छे, छे’ असंच येणार.

यासाठी एक पद्धत आहे, तिला यादी-प्रयोग म्हणू. १९९० च्या दशकात अमेरिकेत वंशद्वेष मोजण्यासाठी ती गाजली. लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. पहिल्या गटाला चार साध्या गोष्टींची यादी द्यायची: उमेदवाराची पदयात्रा पाहिली, प्रचारसभेला गेलात, कार्यकर्त्याने मतदार-चिठ्ठी आणून दिली, टीव्हीवर वादचर्चा पाहिली. आणि विचारायचं एवढंच, की यातल्या किती गोष्टी तुमच्या बाबतीत घडल्या? कोणत्या ते सांगू नका, फक्त आकडा सांगा. दुसऱ्या गटाला तीच यादी, पण त्यात पाचवी ओळ जास्त: ‘मतासाठी कुणी पैसे किंवा वस्तू देऊ केली.’

समजा, दोन्ही गटांत पाचशे-पाचशे माणसं आहेत. पहिल्या गटाची सरासरी १.८० आली आणि दुसऱ्याची २.०५. गट चिठ्ठ्या टाकून केले असल्याने पहिल्या चार गोष्टी दोन्हीकडे सारख्याच घडलेल्या असणार. मग हा ०.२५ चा फरक आला कुठून? पाचव्या ओळीतून. पाचशे माणसांत सव्वाशे वेळा एकेक वाढला, म्हणजे चौघांत एकाला पाकीट किंवा वस्तू देऊ केली गेली. आणि त्यातली एकही व्यक्ती कोण, हे कुणालाच कळलेलं नाही. विचारणाऱ्याला नाही, संचालकाला नाही. एखादी बाई ‘तीन’ म्हणाली, तर त्या तीनमध्ये पाकीट आहे की नाही हे सांगण्याचा काही मार्ग नाही. समूहाचं सत्य बाहेर येतं आणि प्रत्येकाचं गुपित शाबूत राहतं. मला हे गणितातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

निकाराग्वात २००८ च्या नगरपालिका निवडणुकांनंतर हेच केलं. थेट विचारल्यावर तीन टक्के लोकांनी मतासाठी काही देऊ केल्याचं मान्य केलं. यादीतून निघाले चोवीस टक्के.

चिठ्ठ्या टाकून गट करणं, तुलनेला आधार ठेवणं, या साध्या शिस्तीची ताकद फार मोठी आहे. जयंत नारळीकरांनी २००८ च्या सुमारास नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली, तीही याच शिस्तीने. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे कुंडल्यांतल्या चाळीस-चाळीस प्रत्येक ज्योतिषाला दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. नुसतं नाणं उडवलं तरी सरासरी वीस बरोबर येतात. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, त्यातल्या सर्वोत्तमाची बरोबर आली चोवीस. तरी दर निवडणुकीत उमेदवारांच्या पत्रिका मांडून बसणारे कार्यक्रम वाहिन्यांवर चालूच आहेत. एक्झिट पोल चुकला म्हणून सर्वेक्षणाला शिव्या देणाऱ्यांनी या कार्यक्रमांचाही हिशेब ठेवावा.

आता यादी-प्रयोगाची किंमत. ती मोठी आहे, आणि इथे थोडं गणित सोसावं लागेल. थेट प्रश्नाला हजार जणांपैकी २५ टक्के ‘हो’ म्हणाले, तर चूक पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. यादीत मात्र आपण दोन सरासऱ्या वजा करतो आणि दोन्हींचा डळमळीतपणा बेरजेत जमा होतो. प्रत्येक गटातल्या आकड्यांचं प्रमाण-विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत याचं माप, १ धरलं, तर फरकाची प्रमाण-चूक, म्हणजे तो फरक साधारण किती डळमळेल याचं माप, होतं १/५०० अधिक १/५०० याचं वर्गमूळ, ०.०६३. त्याची जवळपास दुप्पट घेतली की चूक बारा टक्के इकडे-तिकडे. म्हणजे आपलं उत्तर ‘२५ टक्के’ नसून ‘१३ ते ३७ मध्ये कुठेतरी’. थेट प्रश्नाइतकी अचूकता हवी, तर हजारांऐवजी वीस हजारांच्या पुढे माणसं लागतील.

ही चूक माणसं न वाढवता दोन प्रकारे कमी करता येते. पहिला प्रकार दुहेरी यादीचा. दोन वेगळ्या याद्या करायच्या, पाकिटाची ओळ पहिल्या गटाला पहिल्या यादीत आणि दुसऱ्या गटाला दुसऱ्या यादीत द्यायची. प्रत्येक गट एकदा प्रयोगाचा होतो आणि एकदा तुलनेचा. दोन्ही फरकांची सरासरी घेतली आणि याद्या एकमेकींपासून स्वतंत्र वागल्या, तर बारा टक्क्यांची चूक नवाच्या खाली येते.

दुसरा प्रकार यादीतल्या ओळी निवडण्याचा, आणि खरं कसब इथे आहे. चारही गोष्टी सगळ्यांच्याच बाबतीत घडणाऱ्या असल्या, तर पाकीट मिळालेल्याला ‘पाच’ म्हणावं लागेल आणि त्याचं गुपित उघडं पडेल. मग तो ‘चार’ म्हणेल. चारही दुर्मीळ असल्या, तर ‘एक’ म्हणणाऱ्यावर संशय जाईल. म्हणून ओळी अशा निवडायच्या, की एक घडली तर दुसरी सहसा घडत नाही. तसं केलं की जवळजवळ सगळे ‘दोन’च्या आसपास राहतात आणि प्रमाण-विचलन घटतं. ते निम्मं झालं, तर चूकही साधारण निम्मी.

जानेवारी २०२६ मध्ये ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या निवडणुका झाल्या. ठाण्यात १३१ नगरसेवक, नवी मुंबईत १११, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. अशा निवडणुकीचा नीट अभ्यास इथल्या कॉलेजांतल्या राज्यशास्त्राच्या आणि संख्याशास्त्राच्या लोकांनी मिळून करावा, असं मला मनापासून वाटतं. आणि प्रश्न त्यांनीच मांडावेत, कारण दिल्लीत बसून या याद्या लिहिता येणार नाहीत. आपल्याकडे पाकीट नेहमी माणसाच्या हातात येत नाही. कधी सोसायटीला रंग काढून मिळतो, पेव्हर ब्लॉक बसतात, टाकी दुरुस्त होते आणि कमिटी मतांचा शब्द देते. तेव्हा ‘तुम्हाला’ आणि ‘तुमच्या सोसायटीला’ अशा दोन वेगळ्या ओळी हव्यात, म्हणजे गटही दोनाचे तीन होतील.

साध्या ओळींचंही तसंच. घणसोली किंवा कोपरखैरण्याच्या गावठाणात उमेदवार गावकीतला, कुणाच्या ना कुणाच्या नात्यातला. तो स्वतः घरी येऊन बसतो. घोडबंदरच्या तिसाव्या मजल्यावर तो लिफ्टपर्यंतही पोचत नाही, त्याचा निरोप सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. दोन वस्त्यांसाठी दोन याद्या केल्या, तर तुलना संपली. त्यापेक्षा ‘उमेदवार स्वतः घरी आला’ आणि ‘सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा निरोप आला’ या दोन्ही ओळी एकाच यादीत ठेवाव्यात. गावठाणात पहिली घडेल, टॉवरमध्ये दुसरी, आणि बेरीज दोन्हीकडे जवळपास सारखीच राहील. तशी ती खरंच राहते का, हे मुख्य सर्वेक्षणाआधी दोन्ही वस्त्यांत थोड्या माणसांना विचारून पाहायचं. कुणी सारखं ‘चार’ म्हणत असेल, तर ओळ बदलायची आणि पुन्हा दारोदार जायचं.