मंत्रिपदांच्या वाटपाचे गणित

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला. मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री धरून मंत्रिमंडळ ४२ जणांचे झाले. भाजप २०, शिवसेना १२, राष्ट्रवादी १०.

त्याआधीच्या विधानसभा निकालात आमदार होते अनुक्रमे १३२, ५७ आणि ४१. विल्यम गॅमसन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडले होते की, आघाडीत जो पक्ष जितके संख्याबळ आणतो त्या प्रमाणात त्याला वाटा मिळतो. त्या हिशेबाने साधारण २४, १०, ८ व्हायला हवे होते. मोठ्या पक्षाने चार पदे सोडली, दोन्ही मित्रपक्षांना दोन-दोन जास्त मिळाली. युरोपातल्या आघाड्यांमध्येही अभ्यासकांना हाच कल दिसला आहे.

पदे सगळी सारख्या वजनाची नसतात. मोठा पक्ष मुख्यमंत्रिपद आणि गृह हाती ठेवतो आणि संख्येत सैल सोडतो. शिवाय बहुमताला लागतात १४५. भाजपचे १३२ वगळता उरलेले १३ शिवसेनाही पुरवू शकते, राष्ट्रवादीही. सोळा आमदारांचा फरक या जागी शून्य होतो. म्हणूनच १२ आणि १० हे आकडे ५७ आणि ४१ पेक्षा एकमेकांच्या बरेच जवळ आहेत.

पदे वाढवून सगळ्यांचे समाधान करण्याची सोयही नाही, कारण २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने २८८ आमदारांच्या सभागृहाला ४३ मंत्र्यांची मर्यादा घातली आहे.

खरी ओढाताण खात्यांवरून होते. त्या वर्षी खातेवाटप जाहीर झाले २१ डिसेंबरला, नागपूरचे हिवाळी अधिवेशन आटोपले त्याच दिवशी. आठवडाभर तिथल्या रविभवन-नागभवन या सरकारी निवासांत उतरलेले मंत्री बिनखात्याचेच होते.

ब्रिटनने अधिकार सोपवलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये ९० जणांची विधानसभा आहे. तिथे १९९८ च्या शांतता करारानंतर बहुतेक खाती द'होंट पद्धतीने जातात. पक्षाच्या जागांना आधी १ ने भागायचे, एक खाते मिळाले की २ ने, मग ३ ने. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा त्याची पाळी, आणि पाळी आली की उरलेल्यांतले हवे ते खाते त्याने उचलायचे. आपल्या ४२ पदांना हे सूत्र लावले तर २५, १०, ७ येतात, म्हणजे लहान पक्षांचे नुकसानच. तिथेही सारे सुरळीत नसते. ब्रिटनसोबत राहू पाहणारा आणि आयर्लंडशी एक होऊ पाहणारा, अशा दोन्ही समाजांच्या प्रमुख पक्षांची सोबत सक्तीची असल्याने, फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाने अंग काढून घेतल्यावर दोन वर्षे पूर्ण अधिकारांचे मंत्रिमंडळ बसू शकले नाही.

तरी त्यांची पाळीची पद्धत मला आपल्यासाठी हवी वाटते. किती पदे कोणाला, हे बोलणीत ठरू द्या. खाती निवडण्याचा क्रम मात्र शपथविधीआधीच जाहीर व्हावा. १९५३ च्या नागपूर करारातून आलेले हे अधिवेशन त्या वर्षी सहा दिवसांचे होते. विदर्भातल्या सिंचनाबद्दल जाब विचारायचा, तर पहिल्या दिवसापासून समोर त्या खात्याचा मंत्री बसलेला असायला हवा.