शून्य रेटिंग मिळालेला सामना

22 सप्टेंबर 2013 च्या रविवारी अमेरिकेतला ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज हा बेसबॉल संघ क्लीव्हलंडला खेळायला गेला होता आणि त्याचा सामना ह्यूस्टनमध्ये एका स्थानिक क्रीडा वाहिनीवर थेट दिसत होता. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीचे आकडे हाती आले, तेव्हा या प्रक्षेपणासमोर 0.0 असे रेटिंग होते. सुमारे 22 लाख टीव्ही-घरांच्या महानगरात आपल्याच संघाचा सामना कुणीही पाहिला नाही, अशी बातमी देशभर पसरली. संघही तेव्हा रडतखडतच खेळत होता. त्या हंगामात त्याने 162 पैकी 111 सामने गमावले. ह्यूस्टनकरांना बेसबॉलचे काही पडलेले नाही, असा निष्कर्ष काढून लोक मोकळेही झाले.

टीव्हीचे स्थानिक रेटिंग असे एका दमात वाचायचे नसते. त्या आकड्यात लोकांची आवड असते, सामना घरापर्यंत पोहोचतो की नाही हेही असते, आणि मोजण्याच्या पद्धतीचे गुणदोषही असतात. ही तिन्ही एकाच अंकात मिसळलेली असतात. ती वेगळी न करता एखाद्या शहराच्या चाहत्यांना थंड किंवा संधिसाधू ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि खेळाच्या बातम्यांत तो सर्रास होतो.

नील्सनने अमेरिकेचे 210 स्थानिक बाजार पाडले आहेत. बाजारातल्या एकूण टीव्ही-घरांपैकी किती टक्के घरांत सामना सुरू होता, ते रेटिंग. त्या वेळी टीव्ही चालू असलेल्या घरांपैकी किती टक्के घरांत तो सुरू होता, तो शेअर. रात्री उशिरा संपणाऱ्या सामन्याचे रेटिंग लहान आणि शेअर मोठा असू शकतो, कारण निम्मे शहर झोपलेले असते. बाजाराचा आकारही लक्षात ठेवावा लागतो. न्यूयॉर्कच्या बाजारात 70 लाखांहून अधिक टीव्ही-घरे आहेत, मिलवॉकीत नऊ लाखांच्या आसपास. समजा न्यूयॉर्कमध्ये एका सामन्याला 3 रेटिंग मिळाले आणि मिलवॉकीत 8. घरे मोजली तर न्यूयॉर्कमध्ये मिलवॉकीच्या जवळजवळ तिप्पट घरे सामना पाहत होती. जाहिरातदाराला न्यूयॉर्क हवे असते. चाहत्यांची घनता जाणून घ्यायची असेल तर मिलवॉकीकडे पाहावे लागते.

आता नमुन्याकडे येऊ. हे टक्के घरोघरी जाऊन मोजलेले नसतात. 2013 साली ह्यूस्टनमध्ये नील्सनच्या नमुन्यात सहाशेच्या आसपास घरे होती. 22 लाखांसाठी सहाशे घरे पुरतात का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तर, आणि भांडे लहान आहे की मोठे याने त्यात फारसा फरक पडत नाही. घरे खरोखर यादृच्छिक निवडली असतील तर अचूकता नमुन्याच्या आकारावर ठरते, शहराच्या आकारावर जवळजवळ नाहीच. मात्र सहाशे घरांच्या नमुन्यात 5 रेटिंग आले, तर प्रत्यक्षातला आकडा साधारण 3.3 ते 6.7 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणून 4.5 आणि 5.5 रेटिंग मिळालेल्या दोन शहरांना वर-खाली लावून केलेल्या चर्चेला फारसा पाया नसतो.

शून्याचे काय? समजा त्या रविवारी ह्यूस्टनमधली 2,200 घरे सामना पाहत होती, म्हणजे हजारातले एक घर. तर सहाशे घरांच्या नमुन्यात त्यांपैकी एकही न सापडण्याची शक्यता 55 टक्के निघते. नाणे उडवण्याइतकीच म्हणा ना! यासाठी संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: नमुन्यात एकही उदाहरण सापडले नाही, तर 3 ला नमुन्याच्या आकाराने भागायचे, आणि खरे प्रमाण बहुधा त्याहून कमी आहे असे मानायचे. 3 भागिले 600 म्हणजे अर्धा टक्का. 22 लाखांचा अर्धा टक्का म्हणजे 11 हजार घरे. त्या 0.0 मधून खात्रीने निघते ते एवढेच, की पाहणारी घरे बहुधा 11 हजारांहून कमी होती. त्यांत काही हजार निष्ठावंत सहज मावतात.

शिवाय ती वाहिनी शहरातल्या जेमतेम 40 टक्के घरांत दिसत होती. बाकीच्या केबल आणि उपग्रह कंपन्यांशी दराचा वाद मिटला नव्हता. नमुन्यातल्या सहाशे घरांपैकी साडेतीनशेहून अधिक घरांना इच्छा असूनही सामना पाहता आला नसता. त्यात भर म्हणजे त्याच वेळी ह्यूस्टन टेक्सन्सचा अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता, आणि टेक्सासमध्ये रविवारी फुटबॉलशी स्पर्धा करणे कोणत्याही खेळाला जड जाते.

पोहोचीच्या या अडचणीचे सर्वांत दुखरे उदाहरण लॉस एंजेलिसचे आहे. तिथल्या डॉजर्स या बेसबॉल संघाने 2014 पासून स्वतःची वाहिनी सुरू केली. केबल कंपनीशी झालेला करार 25 वर्षांचा आणि 8 अब्ज डॉलरहून मोठा होता. इतर कंपन्यांना वाहिनीचा दर परवडेना, त्यांनी ती घेतली नाही, आणि शहरातल्या निम्म्याहून अधिक घरांतून डॉजर्स गायब झाले. हा तिढा 2020 पर्यंत चालला. या काळातली टीव्ही रेटिंगे पाहिली तर एवढ्या मोठ्या शहरात एवढे कमी प्रेक्षक कसे, असे वाटते. स्टेडियममध्ये मात्र 2014 ते 2019 या सहाही हंगामांत साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक प्रेक्षक डॉजर्सनाच लाभले. व्हिन स्कली यांनी 67 हंगाम या संघाचे समालोचन केले, आणि 2016 साली ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या अखेरच्या वर्षांतला आवाज त्यांच्याच शहरातल्या बहुसंख्य घरांना टीव्हीवर ऐकू येत नव्हता. त्यांच्या समालोचनाचे शेवटचे सहा सामने मोफत वाहिनीवर दाखवले गेले, तेव्हा कुठे तो घरोघरी पोहोचला. या गोष्टीची चीड यावी तेवढी थोडीच आहे.

फ्लोरिडातल्या टॅम्पा बेमध्ये नेमके उलटे चित्र दिसते. तिथल्या रेज या बेसबॉल संघाच्या घरच्या सामन्यांना वर्षानुवर्षे लीगमधल्या सर्वांत कमी गर्दीपैकी गर्दी होत आली, आणि ‘इथे चाहतेच नाहीत’ हे वाक्य त्या संघाला चिकटले. टीव्हीवर मात्र त्याची स्थिती बरीच बरी होती. कारण नकाशावर दिसते: स्टेडियम सेंट पीटर्सबर्गमध्ये, खाडीच्या एका बाजूला, आणि टॅम्पा शहर पलीकडच्या काठावर. कामाच्या दिवशी संध्याकाळी पूल ओलांडून जायचे, सामना संपल्यावर रात्री परत यायचे आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचे, त्यापेक्षा माणूस घरी बसून सामना पाहतो. अशा माणसाला चाहता न म्हणण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

पोहोच आणि आवड यांची फारकत करायची तर एखादा नैसर्गिक प्रयोग हवा: शहर तेच, संघ तोच, फक्त सामना दिसण्याची वाट बदललेली. 2023 साली असा योग आला. फिनिक्स सन्स या बास्केटबॉल संघाने सशुल्क क्रीडा वाहिनी सोडून मोफत वाहिनी धरली आणि प्रेक्षक वाढले. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत केविन ड्युरांट संघात आला होता आणि उन्हाळ्यात ब्रॅडली बील. वाढीतला किती वाटा मोफत वाहिनीचा आणि किती या ताऱ्यांचा, हे फक्त फिनिक्सचे आकडे पाहून सांगता येत नाही. त्याच हंगामात सॉल्ट लेक सिटीचा युटा जॅझ संघही मोफत वाहिनीवर आला. तो संघ नव्याने उभारणी करत होता, त्याच्याकडे असे तारे नव्हते. ही दोन शहरे शेजारी ठेवून पाहिली, तरच वाट्यांचा काही अंदाज येतो.

मोजणीत आणखी एक मेख आहे, आणि ती माहीत नसल्याने बरेच जण फसतात. सामन्याचे रेटिंग म्हणजे ‘इतक्या घरांनी सामना पाहिला’ असे नसते; ती सामन्यातल्या दर मिनिटाच्या प्रेक्षकांची सरासरी असते. तासभर पाहून उठून गेलेले घर त्या सरासरीत पूर्ण धरले जात नाही. 2022 मध्ये नऊ डावांचा बेसबॉल सामना सरासरी 3 तास 4 मिनिटे चालायचा. 2023 मध्ये चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावले आणि सरासरी 2 तास 40 मिनिटांवर आली. आता दोन्ही वर्षी नेमका तासभरच सामना पाहणारे एक घर घ्या. 184 मिनिटांच्या सामन्यात त्याचे वजन 0.33 भरते, 160 मिनिटांच्या सामन्यात 0.375. सगळी घरे अशीच वागली तर एकही नवा प्रेक्षक न येता रेटिंग जवळपास 15 टक्क्यांनी वाढेल! प्रत्यक्षात सगळे तसे वागत नाहीत, पण नियम बदलल्यानंतरच्या वर्षी रेटिंग वाढल्याचे वाचले की हा हिशेब डोक्यात असलेला बरा.

हंगामाच्या सरासरीवरही डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. दीडशे सामन्यांची सरासरी काढली म्हणजे नमुन्याची चूक धुऊन निघेल असे वाटते. पण रोज नवा नमुना घेतला जात नाही, बरीचशी तीच घरे महिनोन्‌महिने टिकून असतात. त्या सहाशेत योगायोगाने बेसबॉलवेडी घरे चार जास्त आली, तर ती रोजच जास्त राहतील, आणि सरासरी कितीही लांबवली तरी तो कल जाणार नाही. लहान बाजारांत तर 2018 पर्यंत कागदी डायऱ्या चालत. घरच्यांनी आठवून आठवून काय पाहिले ते लिहायचे, आणि आठवणीत लाडका संघ नेहमीच थोडा जास्त पाहिलेला असतो.

घराबाहेरची गर्दी हा तर कायमचा दुखरा कोपरा. क्रीडा बारमध्ये चाळीस जण एकत्र ओरडत असतात, पण घरातल्या मीटरला त्यांचा पत्ता नसतो. त्यासाठी अंगावर बाळगायचे छोटे मीटर निघाले. प्रक्षेपणाच्या आवाजात कानाला न जाणवणारा संकेत मिसळलेला असतो, तो हे यंत्र टिपते. पडद्याचा आवाज बंद करून वर संगीत लावलेले असेल, तर चाळीस जणांची ती आरडाओरड पुन्हा बेपत्ता.

एवढी चाळणी लावल्यावर चाहत्यांबद्दल काही उरते का? भरपूर उरते. फक्त ते विजयाच्या वर्षात शोधू नये. संघ जिंकू लागला की रेटिंग सगळीकडेच चढते, आणि त्या लाटेत शहराशहरांतला फरक बुडून जातो. संघ सपाटून हरत असताना रेटिंग कुठवर खाली येऊन थांबते, ती तळरेषा शहराच्या निष्ठेबद्दल सर्वाधिक सांगते. माझ्या मते अंतिम सामन्याच्या विक्रमी आकड्यापेक्षा हरलेल्या ऑगस्टमधला मंगळवारचा आकडा अभ्यासाला कितीतरी मोलाचा आहे.

त्याहून नितळ कसोटी म्हणजे आपला संघ मैदानातच नसलेला सामना. न्यूयॉर्क राज्यातले बफेलो हे शहर यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या सेबर्स या आइस हॉकी संघाला 2011 नंतर सलग 14 हंगाम बाद फेरी गाठता आली नाही. तरीही बाद फेरीचे आणि अंतिम मालिकेचे सामने सुरू झाले की संघ खेळत नसलेल्या शहरांच्या यादीत बफेलो वर्षानुवर्षे अगदी वरच्या जागांवर दिसत आले. दुसऱ्या शहरांचे संघ करंडकासाठी झुंजताना इथली घरे टीव्ही लावून बसतात. संघाच्या यशापयशाचा यात संबंध नाही, घरच्या समालोचकाची ओढ नाही, वाहिनीही राष्ट्रीय. उरते ती खेळाची आवड. नायगारा नदीपलीकडे कॅनडा आहे आणि हॉकी तिथल्या हिवाळ्याचा भाग आहे, एवढे सांगितले की तिचे मूळही कळते.

केंटकीतले लुइव्हिल आणि अलाबामातले बर्मिंगहॅम ही आणखी दोन शहरे. ईएसपीएन या राष्ट्रीय क्रीडा वाहिनीवरच्या विद्यापीठ पातळीच्या बास्केटबॉलसाठी लुइव्हिल, आणि तशाच फुटबॉलसाठी बर्मिंगहॅम, रेटिंगच्या यादीत अनेक वर्षे पहिले आले. हंगामभराच्या त्या सरासरीत इतर राज्यांतल्या विद्यापीठांचे सामनेही धरलेले असतात. लुइव्हिलमध्ये एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा संघ नाही. अलाबामात तर फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल, हॉकी यांपैकी एकाही सर्वोच्च व्यावसायिक लीगचा संघ नाही. राज्याची सगळी ओढ अलाबामा आणि ऑबर्न या दोन विद्यापीठांच्या वैरात गुंतलेली आहे. कोणत्या संघाचे चाहते जास्त निष्ठावान, याच्या ज्या याद्या दरवर्षी छापून येतात, त्या व्यावसायिक संघांवरून केलेल्या असतात. त्यांत बर्मिंगहॅम शोधूनही सापडणार नाही.