गर्भपाताची गोळी नेमके काय करते आणि कायदा नेमके काय म्हणतो

सोलापुरातल्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंगनिदान हा गुन्हा असल्याची पाटी ठळकपणे लावलेली असते. ती रोज वाचणाऱ्या अनेकांचा समज मात्र असा झालेला आहे की, गर्भपात करणे हाच गुन्हा आहे. लिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा वेगळा आहे. तो महाराष्ट्रात १९८८ मध्ये आणि देशासाठी १९९४ मध्ये झाला. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ चा असून तो १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे.

त्याआधी १८६० ची दंडसंहिता होती. स्त्रीचा जीव वाचवण्याचे कारण नसेल, तर गर्भ पाडणाऱ्याला आणि खुद्द त्या स्त्रीलाही शिक्षा होत असे. पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या विधवांचे हाल किती होते, हे आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांनी काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहावरून कळते. योनीमार्गे घातलेल्या काड्यांनी जंतुसंसर्ग होऊन स्त्रिया दगावत राहिल्या आणि गर्भपाताच्या प्रश्नासाठी सरकारने नेमलेल्या शांतिलाल शहा समितीने १९६६ मध्ये अहवाल दिल्यावर कायदा बदलण्याच्या हालचाली सुरू झाल्या.

आता गोळीकडे वळू, कारण तिची रासायनिक करामत खरोखर विलक्षण आहे. गर्भ टिकतो तो प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावर. पहिले सात-आठ आठवडे ते अंडाशयातला पीतपिंड (बीज बाहेर पडल्यावर तिथे उरणारी ग्रंथी) पुरवतो, पुढे वार. गर्भाशयाच्या अस्तरातील पेशींत या संप्रेरकासाठी ग्राही प्रथिन असते. संप्रेरक त्याच्या खाचेत बसले की प्रथिनाची बाराव्या क्रमांकाची सर्पिल घडी झाकणासारखी मिटते, त्यामुळे तयार झालेल्या पृष्ठभागावर सहायक प्रथिने चिकटतात आणि गर्भाला सांभाळणारी जनुके चालू होतात. मिफेप्रिस्टोन, म्हणजे गर्भपाताची पहिली गोळी, त्याच खाचेत प्रोजेस्टेरॉनपेक्षा घट्ट बसते, परंतु त्याच्या अकराव्या कार्बनला जोडलेला अवजड गट आड येतो आणि ती घडी नीट मिटू देत नाही. रक्तात संप्रेरक असूनही पेशीला ते जाणवत नाही. अस्तर ढासळते, गर्भाशयाचे मुख मऊ होते आणि इतके दिवस शांत असलेला स्नायू प्रोस्टाग्लँडिनला, म्हणजे कळा आणणाऱ्या शरीरातल्या द्रव्याला, प्रतिसाद देऊ लागतो. ही पूर्वतयारी झाल्यावर, एक-दोन दिवसांनी दिलेले मिसोप्रोस्टॉल हे प्रोस्टाग्लँडिनसारखे दुसरे औषध कळा आणते. मूळचे हे जठराच्या अल्सरवरचे औषध. कच्ची पपई किंवा गरम काढे यांतले काहीच करत नाहीत, त्यांच्या नादात फक्त मोलाचे आठवडे जातात.

मात्र ही सारी क्रिया गर्भाशयाच्या अस्तरावर होते. गर्भ बीजवाहिनीत रुजला असेल तर गोळ्यांनी रक्तस्राव होतो, काम झाले असे वाटते, आणि नळी फुटून जिवावर बेतते. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणण्यातला खरा धोका हा आहे. म्हणून नऊ आठवड्यांपर्यंतच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच त्या घ्यायच्या असतात.

१९७१ च्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, चोवीसपर्यंत ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोघांचे लागते, आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ अविवाहित स्त्रियांनाही दिला. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरेशी असते आणि तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. तरीही अनेक ठिकाणी नवऱ्याची सही आणायला सांगितले जाते; त्या मागणीला कायद्यात कोणताही आधार नाही.