लांब ट्रॅव्हलची फुल सस्पेन्शन सायकल: मालकांचं म्हणणं आणि आमचं उत्तर

सायकल ताब्यात देताना हा कागद सोबत देतो. कंपनीचं मॅन्युअल खोक्यात असतंच, पण ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. सर्व्हिसला आलेल्या कित्येकांच्या बॅगेत ते अजून सीलबंद सापडतं. म्हणून गिऱ्हाइकं परत येऊन जे सांगतात, विचारतात, कधीकधी भांडतात, ते इथे लिहून ठेवलंय.

फुल सस्पेन्शन म्हणजे पुढे-मागे दोन्ही चाकांना शॉक. लांब ट्रॅव्हल म्हणजे दोन्ही चाकांना साधारण १५० ते १७० मिलिमीटर वरखाली व्हायची मुभा. १८० ते २०० मिलिमीटरवाल्या निव्वळ डाउनहिलच्या सायकली असतात. त्या आम्ही मुंबईत कुणाला सुचवत नाही, कारण त्यांच्यावर बसून चढ चढायचाच नसतो आणि आपल्याकडे उतारापर्यंत उचलून नेणारं कुणी नाही.

"एवढे पैसे घालून जड का लागते?"

पहिल्या पंधरा दिवसांत हेच ऐकू येतं. तक्रार खरी आहे. सायकल १५-१६ किलोची, टायर अडीच इंच रुंद आणि मऊ रबराचे. ते ओल्या दगडाला धरून ठेवायला बनवलेत, तसेच ते डांबरालाही धरून ठेवतात. मुलुंडच्या एका गिऱ्हाइकाला येऊरच्या चढावर साध्या हार्डटेलवाल्या (मागे शॉक नसलेल्या सायकलीच्या) कॉलेजच्या पोरांनी मागे टाकलं. दुसऱ्या दिवशी ते सायकल घेऊन दुकानात हजर. बघतो तर मागच्या शॉकवरची निळी कळ उघडीच. ही कळ चढाला बंद करायची असते. मग पायडल मारताना मागचा भाग डुलत नाही आणि पायातली ताकद चाकापर्यंत पोचते. उतार सुरू होण्याआधी ती आठवणीने उघडायची. हे विसरणारे बंद करायला विसरणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत.

रोज आरेतून ऑफिसला जाणं आणि रविवारी मरिन ड्राइव्ह एवढाच बेत असेल, तर मोकळेपणाने सांगतो, ही सायकल घेऊ नका. त्याच पैशात उत्तम हार्डटेल येईल आणि पैसे उरतील. १६० मिलिमीटर ट्रॅव्हल मुंबईच्या खड्ड्यांसाठी घेणं म्हणजे भाजी आणायला टेम्पो काढण्यासारखं आहे. शिवाय मऊ टायरच्या गुट्ट्या डांबरावर बघता बघता झिजतात. लोणावळा, कर्जतकडच्या दगडगोट्यांच्या उतारांवर महिन्यातून दोनदा तरी जाणार असाल तर मात्र हिच्यासारखी दुसरी नाही. आणि एक, येऊरचा रस्ता वेगळा आणि तिथल्या पायवाटा वेगळ्या. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत चाक घालू नका.

"शॉक कडकच आहे" किंवा "शॉक तळालाच लागतो"

या दोन तक्रारींत दहापैकी आठ वेळा सायकलचा दोष नसतो. हवा चुकलेली असते. एअर शॉक तुमच्या वजनावर लावायचा असतो, शेजाऱ्याच्या नाही. सुरुवातीचा हिशोब सोपा आहे: तुमचं वजन जितके पौंड, तितकी पीएसआय हवा मागच्या शॉकमध्ये. ७५ किलो म्हणजे सुमारे १६५ पौंड, म्हणून १६५ पीएसआयपासून सुरू करा. सांगाड्याप्रमाणे हे थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून खरं माप सॅगचं, म्हणजे तुम्ही नुसते बसल्यावर शॉक किती दबतो त्याचं.

ते घरीच बघता येतं. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक पातळ रबरी कडी असते. कळ उघडी ठेवा. हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी असा सगळा जामानिमा करून भिंतीला कोपर टेका आणि सीटवर अलगद बसा. घरातल्या कुणाला तरी ती कडी सीलला, म्हणजे दांडा आत जातो तिथल्या रबरी वर्तुळाला, टेकेपर्यंत सरकवायला सांगा, मग न हिंदकळता उतरा. कडी आणि सील यांच्यातलं अंतर पट्टीने मोजा. ६५ मिलिमीटर स्ट्रोकच्या (म्हणजे दांडा जास्तीत जास्त तेवढा आत जाणाऱ्या) शॉकला ३० टक्के म्हणजे साडेएकोणीस मिलिमीटर यायला हवं. बारा आलं तर हवा जास्त आहे, पंचवीस आलं तर कमी. पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकला, १५ ते २० टक्के पुरे. १६० मिलिमीटरच्या फोर्कवर २४ ते ३२.

"दगडासारखी कडक" म्हणून परत आलेल्या एका सायकलीचा सॅग नऊ मिलिमीटर निघाला होता. मालक ६८ किलोचे आणि शॉकमध्ये २४० पीएसआय. मित्राने सांगितलं म्हणून भरली होती. मित्र शंभर किलोचा.

हवा भरायला शॉकपंपच लागतो. चाकाचा पंप एका झटक्यात एवढी हवा ढकलतो की माप हातात राहत नाही. दर ५० पीएसआयनंतर थांबून शॉक दहा वेळा दाबा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा सारखी होते. पंप काढताना फुस्स आवाज येतो तो नळीतल्या हवेचा असतो, शॉकमधली जात नाही. पुन्हा पंप लावल्यावर काटा थोडा खाली दिसतो, कारण रिकामी नळी भरायला शॉकचीच हवा लागते. या दोन गोष्टींवरून "शॉक लीक आहे" म्हणत आलेल्यांना चहा पाजून परत पाठवलंय.

सॅग बरोबर असूनही मोठ्या उडीनंतर खण्णकन तळ लागत असेल तर हवा वाढवू नका. आत प्लास्टिकचे ठोकळे घालून हवेची जागा कमी करता येते. त्याने सुरुवात मऊ राहते आणि शेवट घट्ट होतो. ते काम आमच्याकडे द्या.

रिबाउंड म्हणजे दबलेला शॉक परत येण्याचा वेग. लाल खटका. बसल्या बसल्या फुटपाथवरून खाली उतरा: सायकल एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा डुलली तर खटका एक-एक टिक घट्ट करत जा.

मुंबईचा खरा शत्रू

दगड, धोंडे, उड्या हे सगळं ही सायकल सोसते. तिला मारतो तो समुद्र आणि जून ते सप्टेंबर. वर्सोव्याच्या किंवा दादरच्या गॅलरीत नुसती उभी राहिलेली सायकल ठाण्यात रोज चालणाऱ्या सायकलीपेक्षा आधी गंजते. खारट ओल ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात बसलेल्या स्टीलच्या बोल्टला असा जाम करते की काढताना त्याची मुंडी तुटते.

मागच्या भागाच्या सांध्यांत छोटी बेअरिंग असतात, बहुतेक सांगाड्यांत आठ किंवा जास्त. चाकाचं बेअरिंग गरगर फिरतं, त्यामुळे त्यातलं ग्रीस सगळीकडे फिरत राहतं. सांध्याचं बेअरिंग काही अंशच हलतं. ग्रीस बाजूला दबून राहतं, त्याच त्या गोळ्या त्याच जागी घासतात, आणि पाणी शिरलं की नेमका तिथेच गंज धरतो. पावसाळ्यानंतर आम्ही बोल्ट काढून आतली कडी बोटाने फिरवतो. चांगली असेल तर हाताला काही जाणवत नाही. खराब असेल तर बोटाखाली वाळू दळल्यासारखं होतं आणि सीलच्या कडेने विटेच्या रंगाचं पाणी येतं. "पायडल मारताना कुरकुरते" ही तक्रार बहुधा इथलीच. लोक तळाच्या बॉटम ब्रॅकेटवर (पायडलचा आस फिरतो त्या बेअरिंगवर) संशय घेतात, तो बदलून घेतात, आणि कुरकुर तशीच.

म्हणून पावसातून आल्यावर सायकल बादली आणि मगाने धुवा. हायवेवर गाड्या धुतात त्या फवाऱ्याखाली कधीही धरू नका. त्या जोराचं पाणी सीलच्या आत घुसतं आणि ग्रीस बाहेर येतं. शॉकचा आणि फोर्कचा दांडा मऊ फडक्याने पुसा. चेन कोरडी करून ओल्या हवेचं तेल थेंब थेंब लावा. घरात आणल्यावर पाच-दहा मिनिटं सायकल उलटी ठेवलीत तर फोर्कमधलं तेल वरच्या सीलजवळच्या स्पंजपर्यंत पोचतं. सरळ केल्यावर ब्रेकची कळ चार वेळा दाबून घट्ट येते ना बघा. सांध्यांचे बोल्ट अंदाजाने आवळू नका. किती आवळायचे ते सांगाड्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो.

ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, आपल्या उष्म्यात लवकर सुकतं. दर दोन महिन्यांनी चाक कानाजवळ धरून हलवा. खळखळ नाही आली तर संपलं.

ब्रेक किंचाळत असेल तर घरातला गंजाचा स्प्रे उचलू नका. थेंबभर तेल डिस्कवर उडालं की पॅड ते पितात आणि फेकूनच द्यावे लागतात. पावसाळ्यात धातूमिश्रित पॅड घ्या, चिखलात रेझिनवाले पटकन संपतात.

सर्व्हिस कधी

शॉक बनवणाऱ्या कंपन्या हिशोब सायकल चालवल्याच्या तासांत देतात. रॉकशॉक्स फोर्कच्या खालच्या पायांचं तेल आणि शॉकच्या हवेच्या डब्याचं काम दर ५० तासांनी, आतल्या डॅम्परचं (शॉकचा वेग आवरणाऱ्या तेलाच्या भागाचं) २०० तासांनी सांगतं. फॉक्स पूर्ण सर्व्हिस १२५ तासांनी किंवा वर्षाने. दर रविवारी तीन तास धरले तर ५० तास साधारण चार महिन्यांत भरतात. जूनमध्ये एक आणि दसऱ्याच्या आसपास एक, असं आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांनी ठरवून टाकलंय आणि ते जमतं. दिवाळीच्या आठवड्यात आणू नका, तेव्हा अख्खी मुंबई सायकली बाहेर काढते आणि आमच्याकडे उभं राहायला जागा नसते.

जुन्या इमारतीत राहत असाल तर आधीच सांगतो: हँडल ८० सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतं आणि सायकल लिफ्टमध्ये सरळ मावत नाही. पुढचं चाक वर करून उभी करावी लागते, आणि तेव्हा पायडल लिफ्टच्या आरशाला लागतं. एका सोसायटीने त्याचं बिलही पाठवलं होतं.

आणखी एक विनंती. सर्व्हिसला आणताना धुऊन आणू नका. चिखल कुठे साचलाय, तेल कुठून झिरपलंय, धूळ कुठल्या सीलभोवती काळी झालीय, यावरूनच आम्हाला अर्धं कळतं. चकचकीत करून आणलीत की आम्हालाच तुम्हाला विचारावं लागतं आणि तुम्ही म्हणता, "काही नाही हो, अशीच चालवली."