अर्बुदातील आधारपेशी व कर्कपेशी यांचा संवाद

कर्करोगाची गाठ, म्हणजेच अर्बुद, हा केवळ कर्कपेशींचा पुंजका नव्हे. तिच्यात तंतू निर्माण करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी, मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी व इतर प्रतिकारपेशी आणि या सर्वांना धरून ठेवणारे कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे जाळे असते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर गाठीचा बहुतांश भाग या आधारऊतीनेच व्यापलेला असतो.

इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि कर्करोग पसरून झालेल्या दुय्यम गाठी काही ठरावीक अवयवांतच अधिक आढळतात हे पाहून कर्कपेशीला बीची व अवयवाला जमिनीची उपमा दिली. कृष्णाकाठच्या वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. मात्र सांगली जिल्ह्यातील वाळवा, मिरज भागांत उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्याने काळ्या जमिनी खारवट व चोपण झाल्या, तशी कर्कपेशीही आपली जमीन जशीच्या तशी ठेवत नाही. तिने सोडलेल्या टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनामुळे शेजारची शांत फायब्रोब्लास्ट जागी होते आणि जखम भरताना काही काळच करायचे काम न थांबता करू लागते. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये अर्बुदाला ‘न भरणारी जखम’ म्हटले, ते या साम्यामुळेच.

जागी झालेली फायब्रोब्लास्ट उलट एचजीएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखे रेणू सोडते व त्यांच्या जोरावर कर्कपेशी वाढतात, हलू लागतात, प्रसंगी औषधालाही दाद देत नाहीत. स्तनाच्या अर्बुदात कर्कपेशी सीएसएफ-१ हे संदेशवाहक प्रथिन सोडून मॅक्रोफेजना बोलावतात, तर मॅक्रोफेज ईजीएफ हे दुसरे प्रथिन सोडून कर्कपेशींना रक्तवाहिन्यांच्या दिशेने खेचतात. काही संदेश सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांतून जातात. संदेश नेहमी रासायनिकच असतो असेही नाही: कोलॅजेन घट्ट विणले गेले की त्या ताठरपणाचा ताणही कर्कपेशीला जाणवतो आणि ती अधिक आक्रमक होते.

साताऱ्या-सांगलीत पानटपरीवर सर्रास मिळणाऱ्या माव्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या, संदर्भात हा विषय विशेष गंभीर आहे. सुपारीतील अरेकोलीन व इतर घटकांमुळे तोंडाच्या अस्तराखाली कोलॅजेन साचत जाते, गाल ताठ होतात आणि पुढे तोंडात घासही नीट जाईनासा होतो. सबम्यूकस फायब्रोसिस नावाची ही अवस्था कर्करोगपूर्व मानली जाते. म्हणजे येथे बी रुजण्याआधीच जमीन बिघडू लागलेली असते.

आधारपेशींना सरसकट शत्रू मानणे मात्र चूक ठरले आहे. २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत स्वादुपिंडाच्या गाठीतील अशा जाग्या झालेल्या फायब्रोब्लास्ट कमी केल्या, तेव्हा गाठी मंदावण्याऐवजी अधिक आक्रमक झाल्या व उंदीर लवकर दगावले. त्यामुळे आता या पेशी नष्ट करण्यापेक्षा त्यांना पुन्हा शांत अवस्थेत नेण्याच्या उपायांवर संशोधकांचा भर आहे.