पेशी ओळखायची तर आधी तिचा काठ बघा

वनस्पती पेशी म्हणजे चौकोनी आणि प्राणी पेशी म्हणजे गोल, हे वहीत आकृत्या काढून काढून डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की मायक्रोस्कोपला डोळा लावला की आपण आकारच शोधायला लागतो. आकारावर जाऊ नका. माणसाच्या चेतापेशीला लांबच लांब शेपूट असतं आणि पानाच्या पोटातल्या कितीतरी पेशी गोलसर, वेड्यावाकड्या असतात. माझं मत विचाराल तर आधी पेशीचा काठ बघायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, पाणी आत घुसायला लागलं तर ही काय करते?

पाणीच का, तर पेशीच्या आत क्षार, साखर, प्रथिनं असं बरंच काही विरघळलेलं असतं, आणि बाहेर साधं गोडं पाणी असलं की ते पेशीभोवतीच्या पातळ पटलातून आपोआप आत शिरत राहतं, यालाच परासरण म्हणतात. काही उपाय केला नाही तर पेशी फुगत जाऊन फुटते. म्हणजे प्रत्येकीला यावर काहीतरी तोडगा काढावाच लागतो.

वनस्पतीचा तोडगा बघायला लाल कांदा घ्या, त्याच्या जाड पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळट पापुद्रा अलगद सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा आणि कव्हर स्लिप ठेवायची. आयोडीन लावू नका, त्याने पेशी मरतात आणि आपल्याला त्या जिवंतच हव्यात. 100 पट मोठं करून बघितलं की विटांसारख्या एकाला एक चिकटलेल्या जांभळ्या पेशी दिसतात. तो रंग रिक्तिकेत असतो, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, आणि ही पिशवी एवढी मोठी असते की बाकी सगळं काठाला दाबून बसलेलं असतं. आता कव्हर स्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावून पाणी ओढून घ्या आणि डोळा हलवू नका. दोन-चार मिनिटांत रंगीत भाग आक्रसायला लागतो, कोपऱ्यांतून सुटतो, मग बाजूंनीही सुटतो, आणि बाहेरची चौकट मात्र जिथल्या तिथे, रिकामी. ती चौकट म्हणजे सेल्युलोजची भिंत, आणि आतला आक्रसलेला गोळा ज्यात गुंडाळलाय ते पटल, एरवी दोन्ही इतके चिकटून असतात की वेगळे कळतच नाहीत. परत साधं पाणी सोडलं तर पेशी पुन्हा फुगते, भिंतीला टेकते आणि तिथेच थांबते, कारण भिंत पुढे जाऊ देत नाही. 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा काप बघून जे खण पाहिले आणि त्यांना सेल म्हटलं, त्या अशाच भिंती होत्या, आतला जीव कधीच वाळून गेलेला.

आणि हो, कांद्याच्या या पेशींत हिरवं काहीच दिसत नाही, जमिनीत वाढणाऱ्या कांद्याला हरितलवकांचा, म्हणजे उजेडावर अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणांचा, उपयोग नाही. तेव्हा वनस्पती म्हणजे हिरवी पेशी हेही सोडून द्या.

गालाच्या आतल्या पेशी याच्या अगदी उलट. कापूस लावलेल्या काडीने गाल आतून हलकेच घासायचा, काचपट्टीवर पुसायचा, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा. सुट्या सुट्या, चपट्या, कडा दुमडलेल्या पेशी दिसतात आणि मधोमध गडद निळं केंद्रक. रंग न लावता बघणार असाल तर प्रकाश कमी करा, भगभगीत उजेडात यांचा काठ सापडतच नाही. आणि जाड काळ्या काठाचं अगदी गोल काही दिसलं तर तो हवेचा बुडबुडा, त्याला पेशी समजून कितीतरी जण आकृती काढून मोकळे होतात. प्राण्याच्या पेशीला भिंत नाहीच, नुसतं पटल. मग ती फुटत का नाही, तर शरीर तिच्या भोवतीचं पाणीच मापात ठेवतं. रक्तातल्या तांबड्या पेशी शुद्ध पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात, म्हणूनच सलाईनच्या बाटलीत नुसतं पाणी नसतं, 0.9 टक्के मीठ असतं.

बुरशीला भिंत असते, त्यामुळे बरीच वर्षं तिला वनस्पतींतच मोजत. पण तिच्या भिंतीत सेल्युलोजऐवजी मुख्यतः ग्लुकन आणि कायटिन असतं, ग्लुकन म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी आणि कायटिन म्हणजे तेच जे किड्यांच्या कवचात असतं. हरितलवक नाही, साठवण स्टार्चची नाही तर ग्लायकोजेनची, आपल्या यकृतासारखीच. नात्यानेही ती झाडांपेक्षा आपल्याला जवळची. हे नातं डॉक्टरांना महागात पडतं, कारण बुरशीला मारणारं औषध आपल्या पेशींनाही लागू शकतं, म्हणून आपल्याकडे जे नाही तेच गाठावं लागतं, जसं कॅस्पोफंजिन हे औषध तिच्या भिंतीतलं ग्लुकन बनूच देत नाही. बघायला सोपं म्हणजे यीस्ट, कोमट साखरपाण्यात अर्धा तास ठेवून 400 पटीत बघा, लंबगोल दाणे आणि काहींच्या अंगावर फुटलेली छोटी कळी. गालाच्या एका पेशीच्या रुंदीत असे सात-आठ दाणे सहज मावतात.

आता उरले आदिजीव, म्हणजे केंद्रक असलेले, बहुतेक एकाच पेशीचे जीव, आणि यांचं एक कुटुंब नाहीच, केंद्रकवाल्यांपैकी वनस्पती, प्राणी, बुरशी या तिघांत जे बसले नाहीत त्यांची ही मोट बांधलेली आहे. डायटमला सिलिकाची, म्हणजे काचेच्याच जातीची नक्षीदार भिंत. युग्लिना हिरवीगार पण भिंत नाही, त्यामुळे अंग आखडत-पसरत चालते.

मला सगळ्यात आवडतो तो पॅरामेशियम. तळ्याच्या पाण्याच्या थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाका, नाहीतर तो पाव मिलिमीटरचा जीव डोळ्यासमोरून निसटून जातो. तंतूत अडकला की प्रत्येक टोकाजवळ एक चांदणी शोधा. चांदणीच्या किरणांसारख्या नळ्या भरतात, मधला थेंब मोठा होत जातो आणि एकदम गायब, पाणी बाहेर. काही सेकंदांत परत तेच. ही संकोचशील रिक्तिका. भिंत नाही, भोवती मापातलं पाणी ठेवणारं शरीर नाही, म्हणून आत आलेलं पाणी हा जन्मभर उपसत बसतो. त्या पाण्यात अगदी किंचित मीठ घातलं की आत शिरणारं पाणी कमी होतं आणि चांदणी हळू उघडझाप करायला लागते, घड्याळ लावून मोजून बघा.